रोजचा चार लिटर समुद्र

बारामतीत ज्या घरात मी सहा वर्षं भाड्यानं राहिले, त्या घराच्या मालकाचा मला अजून राग येतो. साधासुधा नाही. भांडी घासता घासता मध्येच त्यांची आठवण येते आणि हातातलं पातेलं आपटलं जातं. आई बाहेरून विचारते, "काय गं, काय पडलं?" मी म्हणते, "काही नाही." आईच्या लेखी तात्या म्हणजे देवमाणूस. तिच्यासमोर त्यांच्याविषयी वाकडा शब्द काढायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते.

तात्या सगळ्या गल्लीचेच तात्या होते. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, ताठ. पांढरा हाफ शर्ट, खिशात टेस्टर आणि दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. पहिल्याच दिवशी मी न राहवून विचारलं, दोन कशाला? तर म्हणाले, "एक चुकलं तर दुसरं साक्षीला नको?" माणसांना ते नावानं हाक मारत नसत. दूधवाला म्हणजे 'फॅट', विजेचं रीडिंग घ्यायला येणारा 'युनिट', आणि मी एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते म्हणून मी 'लॅब'. "ए लॅब, खाली ये!" सहा वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. आईला मात्र ते आदरानं 'आक्का' म्हणायचे, आणि तेवढ्यासाठी मी त्यांचे बरेच गुन्हे पोटात घातले होते.

त्यांच्या हॉलमध्ये, लोक जिथं सोफा ठेवतात तिथं, समुद्र होता. सहा फुटी काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, वर निळा दिवा, आत दगडांवर वाढणारे रंगीत कोरल म्हणजे जिवंत प्रवाळ, आणि नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे. बारामतीत! समुद्र बघायचा तर इथून घाट उतरून कोकणात जावं लागतं. आलेला पाहुणा आधी तोंडात बोट घालायचा आणि मग बसायला जागा शोधायचा. जागा नसायची. तात्या त्याला उभ्यानंच चहा द्यायचे.

त्यांना समुद्राची आवड होती असं कुणी समजू नये. एकदा ते दाढ काढायला पुण्याला गेले होते. डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत ही टाकी होती आणि कंपाउंडर तिच्यातलं जुनं पाणी मग्यानं काढून एका बादलीत भरत होता, दुसऱ्या बादलीतलं नवं पाणी ओतत होता, आणि अर्धं फरशीवर सांडत होता. तात्यांची दाढ ठणकत होती, तरी त्यांनी त्याला तिथल्या तिथं फैलावर घेतलं. "बादलीनं पाणी बदलतूयस? बादलीनं? किती काढलंस, किती टाकलंस, मोजलं कुणी?" डॉक्टर या टाकीला आधीच वैतागले होते. ते म्हणाले, एवढं कळतंय तर तुम्हीच घेऊन जा. तात्या पुढच्या आठवड्यात टेम्पो घेऊन गेले आणि खरंच घेऊन आले. दाढ काढायची राहूनच गेली.

"हाताचा भरवसा न्हाय," हे त्यांचं पालुपद. जेवताना, गप्पा मारताना, कुणाच्या मयताला गेल्यावरसुद्धा. हात विसरतो, हात कंटाळतो, हात लाडानं जास्त देतो. टायमर विसरत नाही. त्यांनी उभा जन्म यातच घालवला होता. लोणी भापकरच्या कोरडवाहू घरातला माणूस, लहानपणी डोक्यावर घागरी वाहिलेला. पुढं ठिबक सिंचन बसवायला शिकले आणि बारामतीपासून पार इंदापूरच्या पलीकडं शेतातून टायमर लावत फिरले. पाण्याच्या एका थेंबाची नासाडी त्यांना बघवायची नाही. ऊसवाल्यांवर तर त्यांचा खास राग. कालव्याचं पाणी आहे म्हणून रान भरून भरून द्यायचं आणि मग जमिनीतले क्षार वर आले, पीक जळायला लागलं, की कपाळाला हात लावायचा. असं रान दिसलं की तात्या वाकायचे, चिमूटभर माती उचलायचे आणि जिभेवर ठेवायचे. जिभेनं मीठ ओळखायचे. आणि ती जीभ कधी चुकली नाही असं त्यांचे शत्रूही सांगायचे.

इंदापूरकडच्या एका ऊसवाल्याच्या वास्तुशांतीला मी त्यांच्याबरोबर गेले होते. माझ्या आईच्या माहेरची ओळख, म्हणून गेलो. तीन मजली घर, मांडव, पंगत बसायच्या बेतात. तात्या कुठं दिसेनात. थोड्या वेळानं मांडवामागच्या उसातून चिखलाच्या चपलांनी आले, मालकासमोर उभे राहिले आणि सगळ्या पै-पाहुण्यांत म्हणाले, "घर बांधलंस, रान मारलंस. लाज वाटू दे." बिचारा मालक हात जोडून उभा. तात्या न जेवता निघाले, आणि त्यांच्या गाडीत आलेली म्हणून मीही न जेवता निघाले. परतीच्या वाटेवर मला हसू आवरत नव्हतं. तेव्हा मला ते फार आवडायचे, हेही सांगून टाकते.

भाडेकरू म्हणून मात्र त्यांनी छळ मांडला होता. वरच्या मजल्यावर आमचं पाणी सकाळी सहा ते सहा वीस. टायमरनं. माझी मावशी आली होती, तिला माहीत नव्हतं. ती तोंडाला साबण लावून बसली आणि नळ बंद. ती आतून ओरडतेय, मी खिडकीतून ओरडतेय, आणि खालून तात्या शांतपणे सांगतात, "ईस मिन्टात हत्ती न्हाऊन निघंल, लॅब." घरात इन्व्हर्टर होता, पण तो फक्त समुद्रासाठी. लाइट गेली की आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचो आणि खाली मासे निळ्या उजेडात फिरायचे. दर रविवारी टाकीतलं पाणी एका बाटलीत भरून माझ्या दारात ठेवलेलं असायचं. त्यात थेंब थेंब औषध टाकून रंग बघायचा असतो, आणि तात्यांना हल्ली रंगातला फरक दिसत नव्हता. म्हणून ते काम माझं. सांगितलं नव्हतं, लादलं होतं.

एवढं असून आईसाठी त्यांनी जे केलं ते कुणी केलं नसतं. माझे वडील गेले तेव्हा आई इंदापूरचं गाव सोडून माझ्याकडं आली. आमची डाळिंबाची बाग होती. तेल्या नावाचा रोग येऊन ती बाग गेली, काढून टाकावी लागली. शेवटी दोनच झाडं निरोगी उरली होती. वडिलांनी त्या दोन झाडांच्या फांद्यांना गुट्या बांधल्या, म्हणजे फांदीला मुळं फोडून रोपं केली. पाच रोपं झाली. ती हातात यायच्या आत वडील गेले. आई ती पाच रोपं पिशव्यांत घालून, मांडीवर घेऊन, एसटीनं बारामतीला आली. दुसरं काही आणलं नाही तिनं. तात्यांनी एक शब्द न विचारता घरामागची पट्टी तिला दिली, स्वतः खड्डे घेतले, निळा पिंप बसवला, ठिबकच्या नळ्या टाकल्या. "आक्का, तुमी निस्तं बघत बसा. पाणी माझं." आई रोज सकाळी मागच्या पायरीवर बसून झाडांकडं बघायची. गावाकडची कुणी बाई भेटली की वडिलांविषयी सांगायची, "त्यांच्या हातच्या गुट्या हायेत."

आता त्या यंत्राचं सांगते. खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं पाणी हळूहळू शिळं होतं. रोज थोडं काढून तेवढंच नवं घालावं लागतं, आणि नवं म्हणजे आरओच्या शुद्ध पाण्यात मोजून समुद्री मीठ कालवलेलं. काढलेलं आणि घातलेलं सारखं नसेल तर मिठाचं प्रमाण बिघडतं आणि कोरल मरतात. तात्यांनी त्यासाठी दोन छोटे पंप आणले, रबरी नळी पिळून पिळून पाणी पुढं ढकलणारे. एक जुनं बाहेर काढणार, दुसरा नवं आत सोडणार. दिवसाला चार लिटर, मध्ये टायमर. दिवाळीच्या आधीचा एक आख्खा रविवार मी नळ्यांच्या तोंडाशी मोजपात्र धरून बसले होते. हा पंप दोन थेंब पुढं, तो तीन थेंब मागं. संध्याकाळी दोन्ही बरोबर जुळले तेव्हा तात्या हाताची घडी घालून टाकीसमोर उभे राहिले. "झालं लॅब. आता हात नको."

मी विचारलं होतं, "जुनं पाणी कुठं जातं, तात्या?"

"जातंय जागेवर," ते म्हणाले.

मी पुढं विचारलं नाही. मोजून मोजून माझी मान अवघडली होती आणि मला वर जाऊन झोपायचं होतं. हा माझा वाटा, तो मी नाकारत नाही.

होळीपर्यंत डाळिंबांची पानं कडेनं करपली. आधी वाटलं ऊन. मग पानं पिवळी पडून गळायला लागली. तिसरं वर्ष होतं झाडांचं, पहिल्यांदा चांगल्या कळ्या आल्या होत्या, त्या वाळून पडल्या. आई रात्रंदिवस त्याच विचारात. ताक शिंपडलं, राख टाकली, एका ओळखीच्या बागाईतदाराला फोटो पाठवले. शेवटी तात्यांना बोलावलं. तात्या आले, वाकले, झाडाच्या बुडाजवळची माती चिमटीत घेतली आणि जिभेवर ठेवली.

मी पायरीवर उभी होते. मला त्यांचा चेहरा समोरून दिसत होता. ते थुंकले नाहीत. त्यांची नजर झाडावरून ठिबकच्या नळीवर गेली, नळीवरून पिंपावर, आणि पिंपावरून त्यांच्या स्वतःच्या खिडकीतून उतरणाऱ्या काळ्या पाईपवर. त्या पाईपमधून आरओचं वाया जाणारं पाणी पिंपात यायचं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आमच्या भागात ते कुणी गटारात सोडत नाही, झाडांनाच देतात. पण त्या पाईपला मध्येच आणखी एक नळी जोडलेली होती. ती मी त्या दिवसापर्यंत पाहिली नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच आई म्हणाली, "तात्या, एक सांगू का? कळ्या आल्या म्हणून मी एकदा पिंपात मूठभर खत टाकलं व्हतं. तुमी चमचाभर सांगितलं व्हतं, मी मूठ टाकली. त्यानं तर न्हाय ना झालं?"

तात्यांच्या जिभेवर अजून ती माती होती.

"व्हय," ते म्हणाले. "त्यानंच झालं."

एवढं बोलून ते आत गेले. आई तिथंच खाली बसली. "माझ्याच हातानं गेली गं," म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी मागं गेले. ती जोडलेली नळी कापून टाकलेली होती. तिथं नवं बूच लावलं होतं आणि पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा वास अजून येत होता. खिडकीतून एक नवा पाईप निघून कुंपणाच्या कडेकडेनं रस्त्याच्या गटाराकडं गेला होता. म्हणजे ज्या माणसानं चाळीस वर्षं लोकांच्या रानातलं मीठ चाखून त्यांना पंगतीत नागवं केलं, त्यानं रोज चार लिटर समुद्र माझ्या आईच्या झाडांना घातला होता, आणि ते त्याला कळल्यावर रातोरात पुरावा कापला होता. पिंपाच्या तळाचं उरलेलं पाणी मी बाटलीत भरलं आणि कंपनीत नेऊन तपासलं. मशीनचा आकडा बघून माझी सहकारी म्हणाली, "हे काय, लोणच्याचं पाणी आहे का?"

संध्याकाळी मी सरळ खाली गेले, बाटली तात्यांच्या समोर ठेवली आणि मिठाचा आकडा सांगितला.

"मीटर कॅलिब्रेट केलाय का?" त्यांनी विचारलं.

"तात्या, तुमची जीभ कॅलिब्रेट आहे ना?"

त्यांनी बाटली माझ्याकडं परत सरकवली. मग म्हणाले, "एक थेंब गटारात न्हाय सोडला आजवर. माशाचं पाणी म्हंजी खत, आसं डोक्यात. हात आपसूक तिकडंच गेला." एवढा तोरा मिरवायचा हातांवर भरवसा नाही म्हणून, आणि पाईप जोडताना हातच आपसूक! बादलीनं पाणी उपसलं असतं तर बादली ओतताना तरी एकदा मनात आलं असतं की हे खारं आहे, कुठं ओततोय. पण यंत्र लावलं आणि डोकं काढून खुंटीला टांगलं.

"मला कारणं नकोत," मी म्हणाले. "आईसमोर जाऊन म्हणा, माझी चूक झाली. तीन शब्द."

"माती बदलून देतो," ते म्हणाले. "नवी रोपं आणतो. भगव्या वाणाची, कलमी."

"तीन शब्द, तात्या."

त्यांनी डाव्या मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग उजव्या. जणू दोघांतलं एखादं त्यांच्या बाजूनं साक्ष देणार होतं.

मी आईला स्वतः सांगितलं. पाईप दाखवला, बूच दाखवलं, आकडा सांगितला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू माझी समजूत घालतीस, कळतंय मला. तात्या झाडातला माणूस हाय. मीठ आसतं तर त्येंनी वळखलं नसतं व्हय? त्ये कशाला खोटं बोलतील?" माझ्या संतापाचा कडेलोट झाला तो इथं. माझ्या आईनं माझ्यावर, माझ्या मशीनवर, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. ठेवला तो त्या माणसाच्या जिभेवर.

तात्यांनी बाकी सगळं केलं. वाळलेली झाडं स्वतः उपटली. पट्टीतली माती फावड्यानं गुडघाभर काढली, लोणी भापकरहून ट्रॉलीभर नवी माती आणली. पाच कलमी रोपं आणून पायरीशी ठेवली. आईनं त्यांना हात लावला नाही. "माझ्या हाताला आता झाड नको," म्हणाली. पायरीवर बसणं बंद केलं. तुळशीला पाणीसुद्धा मला घालायला सांगायची. जेवायची, झोपायची, टीव्ही चालू ठेवून भिंतीकडं बघायची. त्या बाईनं जन्मभर फक्त झाडं वाढवली होती, आणि तिला वाटत होतं की नवऱ्याच्या हातची शेवटची खूण तिनं स्वतः मारली.

मी तात्यांशी बोलणं तोडलं. रविवारच्या बाटल्या दारात येत राहिल्या, मी त्या न तपासता जिन्याच्या कठड्यावर ठेवत गेले. एक, दोन, पाच, सात. कामावर जाताना मोपेड काढायची तेव्हा ते दारात उभे असायचे. "लॅब, नऊ रविवार झाले. मला रंग दिसत न्हाय. कोरल आखडाया लागल्यात." मी एकच वाक्य म्हणायची, "तीन शब्द." आणि निघायची. कोरल मेले असते तरी मला काही वाटलं नसतं, अशा थराला मी गेले होते.

मग एका रविवारी आईनं पिशव्या बांधल्या. इंदापूरला माझ्या मामाकडं कायमचं जाते म्हणाली. हितं माझं काय काम? मामाच्या घरी आधीच दोन सुना, चार नातवंडं. आईला निजायला ओसरी मिळाली असती आणि बोलायला कुणी नाही. मी भांडले, हातापाया पडले. ती ऐकेना. मामाची जीप निघाल्याचा फोन आला. मी स्वयंपाकघरात दूध तापत ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिले.

जिन्यावर पावलं वाजली. तात्यांच्या गुडघ्यांमुळं ते कधी वर येत नसत. एकेक पायरी थांबत थांबत आले, आईसमोर मटकन बसले आणि हातातली वस्तू त्यांनी फरशीवर ठेवली. टाकीचा टायमर होता.

"आक्का, ह्यो टायमर चुकला."

आईला काही कळेना. "म्हंजी?"

"ह्याच्या चुकीनं टाकीतलं खारं पाणी तुमच्या पिंपात गेलं. झाडांना मीठ लागलं. तुमच्या मुठीनं काय बी झालं न्हाय."

"पर तुमीच म्हणला व्हता..."

"तवा मला कळलं न्हवतं."

एका दमात दोनदा खोटं. टायमर चालू करतो आणि बंद करतो. तो पाईप जोडत नाही, सोल्युशन लावत नाही, आणि जिभेवर माती ठेवून बाईच्या तोंडावर तिला दोषी ठरवत नाही. शेंबड्या पोरालाही हे कळेल. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. तात्यांनी आईच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच त्या डोळ्यांत हुकूम नव्हता. ते वाट बघत होते, मी बोलते की काय याची.

"म्हंजी माझ्यानं न्हाय झालं?" आईनं विचारलं.

"न्हाय, आक्का."

"माझ्या हातानं न्हाय?"

"तुमच्या हातानं न्हाय."

आई माझ्याकडं वळली. "बघ गं, तू म्हणत व्हतीस ते खरंच निघालं की." चार महिन्यांत तिचा असा चेहरा मी बघितला नव्हता. मागं दूध उतू गेलं. मी गॅस बंद करायला वळले आणि पाठ फिरवल्यावर जी गप्प बसले ती आजतागायत. मामाची जीप आली, मामाला चहा मिळाला, आणि पिशव्या सोडून आईनं पातळं परत कपाटात ठेवली.

गंमत पुढंच आहे. आई भोळी, पण विसरभोळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तात्यांच्या हॉलमध्ये गेली. "तात्या, त्यो मेला टायमर बंद केलाय न्हवं? परत चुकायचा." तात्यांनी तो परत जागेवर लावलाच होता, तिच्यासमोर त्याची पिन काढली. तिसऱ्या दिवशी परत गेली. मग रोजच. माशांना बघायचं, कोरलना 'किती गं सुंदर' म्हणायचं आणि पिन काढलेली आहे याची खात्री करून यायचं. खोटं बोललेला माणूस आता ते यंत्र लावणार कसा?

त्यामुळं तात्यांच्या घरात बादली आली. पाठीला पट्टा बांधून ते नळीनं जुनं पाणी बादलीत उतरवायचे, मापून नवं ओतायचे. जुन्याचं करायचं काय? मोरीचं पाणी परसातल्या केळीला जायचं, म्हणजे तिथं ओतायची सोय नाही. पंप बंद, म्हणून गटाराकडं जाणारा पाईपही बिनकामाचा. उरलं रस्त्याकडचं गटार. फाटकापर्यंत आणि पुढं चाळीस पावलं, एका हातात बादली, दोन्ही मनगटांवर घड्याळं. गटारात पाणी ओतताना ते तोंड दुसरीकडं करायचे. मी वरून बघायची. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. रविवारची बाटली तेवढी तपासायला लागले, कारण आईनं सांगितलं.

आईनं ती पाच कलमी रोपं लावली. पायरीवर बसायला लागली. तात्या बादली घेऊन जाताना एकदा तिलाच दया आली. "तात्या, दुरुस्त करून आणा की त्याला. ह्या वयात किती वाहणार?"

तात्यांनी बादली खाली ठेवली, श्वास घेतला. "नको आक्का. त्याचा भरवसा न्हाय."

पुढच्या वर्षी डेअरीनं मला इंदापूरच्या संकलन केंद्रावर पाठवलं आणि आम्ही घर सोडलं. टेम्पो भरल्यावर तात्या आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या हातात दिलं. कागद सोडायच्या आधीच मला कळलं.

आई शेजारीच उभी होती. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "बिघडलेला ना हा, तात्या?"

"व्हय," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "पर तुझ्याकडं आसू दे."

म्हणजे सगळं दिलं त्यांनी. माती दिली, रोपं दिली, पाठीचा कणा झिजवला, साक्षीदारसुद्धा माझ्या हवाली केला. तीन शब्द तेवढे दिले नाहीत.

नव्या घरी गेल्यावर पहिल्या रविवारी मी तो टायमर लावून बघितला, मोबाईलच्या घड्याळाशी, आठवडाभर. एका सेकंदानंही चुकला नाही. मग परत त्याच कागदात गुंडाळला आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, आईचा हात पोचणार नाही तिथं.